सरांची पिशवी

कुत्रा आमच्या घरी मुलीच्या सोयीसाठी आला. त्याच्या मागोमाग जे संशोधन आलं, ते मात्र आमच्या ह्यांचं.

हे म्हणजे प्रभाकरराव. देवळीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, निवृत्त होऊन नालवाडीत घर बांधलं, पण शाळा सुटली तरी फळा काही सुटला नाही. घरातही पुस्तकातलं बोलतात. गल्ली त्यांना सर म्हणते, आणि रागावले की मीही सरच म्हणते. आमची गुंजन कंपनीच्या कामानं वर्षभर परदेशी जायची होती, म्हणून उन्हाळ्यात तिनं पुण्याहून तिचा कोको आणून आमच्याकडे सोडला. चांगला थोराड, पिवळट, लोंबत्या कानांचा. जाताना तिनं दोन गोष्टी बजावल्या. आठवड्यातून एकदा त्याला खाटकाकडचं कच्चं मांस घालायचं, त्यानं केस चांगले राहतात म्हणे. आणि फिरायला नेल्यावर तो जे करेल ते रस्त्यावर सोडून यायचं नाही, पिशवीत उचलून आणायचं.

"कायले वो बाई?" मी म्हटलं. "इथं गाईचं शेण हाये, बकऱ्यायच्या लेंड्या हायेत, गल्लीतले कुत्रे हायेत. तुह्या एकट्या कुत्र्यानं नालवाडी बुडून राह्यली का?"

ह्यांना मात्र ते फार पटलं. "तिचं बरोबर आहे. आपला कुत्रा, आपली घाण."

मांस आणायलाही हेच जाऊ लागले. जन्माचे शाकाहारी, पण तोंडाला रुमाल बांधून खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभे. लेकीसाठी माणूस काय काय करतो! फक्त तिनं ठेवून दिलेल्या पिशव्या त्यांना पसंत पडल्या नाहीत. हिरव्या रंगाच्या, वर पानाचं चित्र, मातीत मिसळून जाते असं छापलेलं. ह्यांनी एक पिशवी उजेडात धरली, ताणली, हुंगली आणि म्हणाले, "पान छापलं म्हणून पिशवीचं झाड होत नाही."

पिशवीचा विषय निघाला की ह्यांना नत्थूजींची मोगरी आठवते. ते आधी सांगायला हवं.

नत्थूजींचं घर गल्लीच्या टोकाला, जिथं आमचे प्लॉट संपतात आणि जुनी नालवाडी सुरू होते. त्यांच्याकडे वाडवडिलांपासून गवळाऊ गाई. आमच्या वर्धेकडची ही जात, पांढरीशुभ्र, उंच, पायानं चपळ. दूध बेताचं, म्हणून लोकांनी त्या विकून दुसऱ्या गाई बांधल्या. नत्थूजींनी एक मोगरी तेवढी सोडली नाही. आमच्या गल्लीत बायका पहिली पोळी गाईची काढतात. ती पोळी, भाजीची देठं, केळीची सालं असं सगळं पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, बांधून गेटापाशी ठेवायचं, की पुण्यही लागतं आणि दाराशी पसाराही होत नाही. मोगरी सगळं पन्नीसकट खायची. एका उन्हाळ्यात ती पोट फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तेव्हा आतून पन्नीचा गोळाच्या गोळा निघाला, घमेल्यात मावेना. हे तिथं उभे होते. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत.

मग ह्यांनी गल्ली पालथी घातली. घरोघरी जाऊन वर्तमानपत्राची पिशवी कणकेची खळ लावून कशी चिकटवायची ते शिकवलं. खाली ठेवलेली पिशवी कुत्री पळवतात, म्हणून प्रत्येक गेटाला स्वतः लोखंडी हूक बसवला. पोळी कागदाच्या पिशवीत घालून हुकाला टांगायची, गाय आली की उभ्याउभ्या ओढून घेते आणि कागदासकट खाऊन टाकते. कागदानं तिला काही होत नाही. मोगरीची कालवड चांदणी तेव्हा नुकती हिंडाफिरायला लागली होती. हे स्वतः तिच्यापुढे चालायचे, एकेका गेटापाशी थांबून हुकाला पिशवी लावून दाखवायचे. ती पहिल्यांदा आपण होऊन हुकाशी गेली, तेव्हा अंगणातून ओरडले, "प्रमिला, शिकली!" शाळेतल्या कुण्या पोरासाठी त्यांना इतका आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

नत्थूजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सरायच्या पिशवीनं माही गाय वाचली."

तर अशा माणसाच्या हाती लेकीनं छापील पानांची पिशवी दिली. ह्यांनी परसात कुंड्या मांडल्या. एकीत ती हिरवी पिशवी पुरली, एकीत मक्याच्या पिठाची म्हणून मिळते ती, एकीत वर्तमानपत्राची आणि एकीत पळसाच्या पानांचा द्रोण. अख्खा पावसाळा कुंड्यांना हात लावायची मला बंदी. दसऱ्याच्या सुमारास उकरून पाहिलं, तर हिरवी पिशवी आंघोळ करून बसल्यासारखी जशीच्या तशी. मक्याच्या पिशवीच्या चिंध्या झाल्या होत्या, पण होत्या. कागद आणि द्रोण यांचा पत्ता नव्हता. द्रोणाचं तोंड बांधता येत नाही, म्हणून तो बाद झाला.

"म्हणजे घूमफिरके आपली रद्दीच," मी म्हटलं. "येवढ्यासाठी माह्या कुंड्या अडवल्या व्हत्या?"

"तुला वाटतं. आता ते सिद्ध झालं," हे म्हणाले.

कागद ओला होऊन फाटतो, ही एक अडचण राहिली. त्यावर ह्यांनी उपाय काढला, पिशवीच्या बुडाशी मूठभर कुटार घालायचं. हरभऱ्याचं कुटार, म्हणजे दाणे काढून उरलेला भुसा. ओल शोषून घेतं आणि कागदाबरोबर मातीत मिळून जातं. कुटार आणायचं कुठून, तर नत्थूजींकडून. त्यांनी पोतंभर भरून दिलं आणि वर म्हणाले, "घ्या ना सर, कोकोले गादी करा." मी दुपारी रद्दीच्या पिशव्या चिकटवायची, हे त्यात कुटार भरून थप्पी लावून ठेवायचे. परसात खड्डा खणला, त्यावर पालापाचोळा. सगळं शास्त्राला धरून. गुंजनला फोनवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, यू आर द बेस्ट." हे दिवसभर गुणगुणत होते.

कोकोची सवय अशी की, घरातून निघून गल्लीचं टोक आलं की त्याचं काम व्हायचं. तिथून पुढे मोकळ्या शेतापर्यंत फेरी. एका हातात ओढणारा कुत्रा आणि दुसऱ्या हातात भरलेली पिशवी घेऊन कुठवर चालणार? टोकाला भूपेंद्रचं घर आहे. तो नागपूरला राहायला गेला, घराला कुलूप. गेटाला ह्यांनीच बसवलेला हूक, आणि आता तिथं पोळी लावणारं कुणी नाही. हे जाताना पिशवी त्या हुकाला टांगायचे आणि परतताना घेऊन यायचे.

एक दिवस आले ते रिकाम्या हातानं. "पिशवी नव्हती," म्हणाले. वाऱ्यानं गेली असेल म्हणून सोडून दिलं. पण मग अधूनमधून तसं होऊ लागलं. ह्यांनी अनुमान काढलं की ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवरचा माणूस नेत असणार. "बघ, लोकांना हळूहळू सवय लागते," असं मला वर समाधानानं सांगितलं.

"तुमच्या कोकोचं सोनं कोण चोरून राह्यलं, पाहा एकदा," मी म्हटलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आता शरम वाटते.

त्याच दिवसांत चांदणी गाभण होती. त्याआधी दोनदा उलटली होती, गाभ धरतच नव्हता. यंदा पोळ्याच्या सुमारास गवळाऊच्याच वळूचं बी भरलं आणि ते राहिलं. नत्थूजींच्या अंगात पुन्हा तरुणपण आलं. रोज सकाळी आमच्या अंगणात चहाला बसत, तेव्हा दुसरा विषय नाही. "कालवड होईन, सर. पाहाजा तुमी. नाव मोगरीच ठेवीन. पयला चीक तुमच्या घरी." चीक म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध. मी म्हटलं, मी खरवस करीन. त्यांचं वय झालेलं, मुलगा पुलगावला नोकरीला, घरी ते आणि सून पौर्णिमा. ही कालवड झाली नाही तर गवळाऊचं दावं त्यांच्या दारातून उठणार, हे ते कधी बोलले नाहीत, पण आम्हाला ठाऊक होतं.

संक्रांत होऊन गेली आणि एका सकाळी पौर्णिमा धावत आली. "काकू, चांदणीनं गाभ टाकला."

आम्ही दोघं गेलो. गोठ्यात पोत्यावर ते पडलेलं होतं. पुरते केसही आले नव्हते, पण खूर होते, कान होते. कालवडच होती. नत्थूजींनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्यावर घातला. चांदणी मान वळवून वळवून दुपट्टा हुंगत होती. मला तिथं उभं राहवेना.

जनावरांच्या दवाखान्यातली सोनम म्हणून तरुण डॉक्टर आली. तिनं चांदणीचं रक्त तपासायला पाठवलं. काही दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हाही आम्ही तिथं होतो.

"नत्थूजी, एक जंतू सापडला," ती म्हणाली. "कुत्र्याच्या घाणीतून येतो. गाभण गाईच्या पोटात गेला की गाभ जातो. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये जास्त असतो. तुमच्या इथं कुत्रा येतो का?"

"आमच्या कोठ्यात कुत्रं पाय ठेवत नाई, म्याडम. मी येऊच देत नाई."

"मग चाऱ्यातून गेलं असेल. घाण लागलेलं काहीतरी पोटात गेलंय. आणि हे रक्तात राहतं. पुढचाही गाभ जाऊ शकतो, आणि कालवड झालीच तर तिच्यातही उतरतं."

नत्थूजी पौर्णिमेकडे वळले. मी त्या माणसाला आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "कुटार उघडं ठेवलंतं तूनं. ताडपत्री टाकत जाय म्हणून कितीखेप सांगितलं? बसले असतीन त्याच्यावर कुत्रे!"

"टाकत व्हती, मामाजी," पौर्णिमा खाली पाहत म्हणाली.

"टाकत व्हती तं हे काऊन झालं?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. गोठ्याच्या खांबाला धरून उभे होते आणि चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर येतेय. हाताला धरून घरी आणलं. घरी येऊन ते पिशव्यांच्या थप्पीसमोर बसले. एक पिशवी उचलली, आतलं कुटार तळहातावर ओतलं आणि पाहत राहिले.

"प्रमिला, भूपेंद्रच्या गेटावरून पिशवी कोण न्यायचं?"

 

मी त्यांना समजावलं. गल्लीत इतके कुत्रे, कोणत्या कुत्र्याचं कुठून गेलं कुणाला ठाऊक, डॉक्टरही छातीठोक सांगू शकणार नाही. हे शांतपणे म्हणाले, "गल्लीतल्या कुत्र्यांची घाण कुणी कुटारात घालून, कागदात बांधून, तिच्या तोंडासमोर टांगत नाही."

"नत्थूजीला सांगावं लागेल," ते म्हणाले. मी म्हटलं, सांगा. दुसऱ्या दिवशी गेले आणि सरकीच्या ढेपेच्या भावावर बोलून परत आले. मग एकदा गेले आणि थंडीवर बोलून परत आले. नत्थूजींनी चहाला येणं सोडलंच होतं. हे खुर्ची अंगणात टाकायचे आणि थोड्या वेळानं उचलून ठेवायचे. जन्मभर पोरांना सांगत आले की चूक झाली तर उभं राहून सांगावी. स्वतःवर पाळी आली तर उठवेना. मला त्यांची कीवही यायची आणि संतापही.

चक्कीवर पौर्णिमा भेटली. दळणाचा डबा डोक्यावर घेत म्हणाली, "मामाजी माह्यासंग बोलत नाईत, काकू. माह्या हातचा चहाई पेत नाईत. मी खरंच टाकत व्हती वो ताडपत्री."

घरी आले ती तशीच ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "सर, कागद सडते म्हणून अख्ख्या गल्लीले सांगत फिरले ना? त्या पोरीच्या माथ्यावर जे बसलं हाये, ते कायनं सडन? तुमी आज नाई सांगितलं तं मी सांगून येतो."

ते उठले, चपला घातल्या. मीही मागोमाग गेले.

नत्थूजी गोठ्यात चांदणीच्या अंगावरून हात फिरवत होते. गोरक्षणवाल्यांची गाडी दोन दिवसांत येणार, असं त्यांनीच सांगितलं. "वंश तं आता चालत नाई. तिले रिकामी पाहून माह्या जिवाले लागून राह्यलं. तिथं चार गाईत राहीन." पौर्णिमा एका कोपऱ्यात शेण भरत होती.

हे उभ्यानंच बोलले. वर्गात बोलतात तसं, पहिल्यापासून क्रमानं. कोकोला कच्चं मांस देतो. त्याची घाण कागदाच्या पिशवीत भरतो. आत तुमचंच कुटार घालतो. भूपेंद्रच्या गेटावर टांगून पुढं जातो. परत आलो की कधीकधी पिशवी नसायची. "मला कळायला हवं होतं, नत्थूजी. हूक मीच लावला, तिला मीच शिकवलं. तिला काय ठाऊक, कोणत्या पिशवीत काय आहे? ताडपत्रीचा काही संबंध नाही. पौर्णिमेची काही चूक नाही."

पौर्णिमेचे हात थांबले होते. नत्थूजींनी चांदणीच्या पाठीवरचा हात काढला नाही. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी पाह्यलंतं तिले," ते म्हणाले.

"कुठं?"

"भूपेंद्रच्या गेटापाशी. खातानी. बंद घराच्या गेटावर कोणं पोयी लावली, असं मनात आलंतं माह्या." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच पाहवत नव्हतं. "पन्नी असती तं मी धावत जाऊन तोंडातून हिसकली असती, सर. कागदाची दिसली. म्हटलं, सरायची पिशवी हाये, खाऊ दे."

ह्यांनी हात जोडले. नत्थूजींनी ते खाली करायला लावले नाहीत. मग वळून म्हणाले, "पौर्णिमा, चहा मांड, पोरी." तिनं चहा आणला. नत्थूजींनी तिच्या हातून कप घेतला आणि प्यायले. आम्हालाही कप आले. त्या चहात साखर होती की नव्हती, मला सांगता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे पक्कड आणि पाना घेऊन बाहेर पडले. कोकोला बांधून ठेवलं होतं. मी गेटात उभी राहिले. आधी आमच्याच गेटाचा हूक काढला, मग शेजारचा. बायका बाहेर येऊन विचारू लागल्या, "सर, काऊन काढून राह्यले?" हे पुढच्या गेटाकडे वळले. एवढ्यात टोकाकडून चांदणी आली. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी, पोळी खायला.

ह्यांना गेटाशी खटपट करताना पाहून तिला वाटलं, हे पिशवी लावताहेत. लहानपणी असंच तर शिकवलं होतं. ती त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. हे हूक काढून पुढच्या गेटाकडे गेले, तीही गेली. तिथं थांबली, मान उंचावून वाट पाहिली. त्यांनी तोही हूक काढला. असं गेटामागून गेट. हे पुढं आणि ती मागं, जराही घाई न करता, आता मिळेल या भरवशावर.

भूपेंद्रच्या गेटाचा हूक गंजला होता, निघेना. ह्यांनी पक्कड खाली ठेवली आणि तिथंच गेटाला टेकून रडले, भर गल्लीत, सगळ्यांसमोर. चांदणीनं नाक पुढं करून त्यांचा खिसा हुंगला, मग हात चाटला. मी घरात पळाले. तव्यावरची पहिली पोळी घेऊन येईपर्यंत नत्थूजी तिला दाव्यानं गोठ्याकडे घेऊन निघाले होते.